शेजाऱ्याकडे जाणारी वीज

आमच्या घरात दिवे कोणीही लावायचे, बंद करायचं काम मात्र अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे सासरे. नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले. कोणी खोलीतून उठलं की पाठोपाठ जाऊन ते पंखा बंद करत, दिवा बंद करत. कधी कधी माणूस आत असतानाच करत. एकदा मी शाळेत शिकवायला जायच्या घाईत बाथरूममध्ये डोक्याला शाम्पू चोळत होते आणि दिवा गेला. मी हाक मारली तेव्हा बाहेरून अगदी शांतपणे उत्तर आलं, की मला वाटलं तू शाळेत गेलीस.

सासूबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर अण्णांचा सगळा वेळ विजेच्या बिलाकडे वळला. आधी त्यांनी सूर्यचूल आणली. आरशाच्या झाकणाची ती काळी पेटी गच्चीवर ठेवून ते सकाळी नऊला त्यात डाळ लावायचे. दर पंधरा मिनिटांनी वर जाऊन झाकण उघडून बघायचे, त्यामुळे आतली ऊब निघून जायची आणि डाळ दुपारी तीनलाही दाताखाली येत राहायची. मग त्यांनी गच्चीवर काळ्या पाइपचं मोठं वेटोळं अंथरलं आणि ते न्हाणीच्या नळाला जोडलं. त्यातून पहिला तांब्या असा यायचा की हात लावता येऊ नये, आणि दुसरा असा की हिवाळा आठवावा. माझा नवरा सातपूरच्या एका कारखान्यात आहे. तो पहिल्या पाळीला असला की पहाटे, उन्हाच्या आधीच आंघोळ करतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला दोन्ही तांबे गारच यायचे. शेवटी त्यानेच सांगितलं, की अण्णा, आता पुरे, सरकारी अनुदान मिळतंय, आपण सरळ सोलर पॅनल बसवू.

गणपती उठले आणि पुढच्या पंधरवड्यात पॅनल बसले. तीन किलोवॅटचे. मग वीज कंपनीचे लोक येऊन नवा मीटर लावून गेले, आणि पॅनलवाल्यांकडची इंजिनिअर बाई आम्हाला सगळं समजावून द्यायला आली. तिशीतली, भराभर बोलणारी. तिने सांगितलं की दिवसा पॅनल वीज तयार करणार, तेवढ्यातली घरात लागेल ती घरात वापरली जाणार आणि उरलेली बाहेर लाइनला जाणार. गेलेली वीज हा मीटर मोजणार आणि ती तुमच्या बिलातून वजा होणार. रात्री तुम्ही लाइनची वीज वापराल तेव्हा ही दिवसाची कामाला येईल.

अण्णांना हे सगळं नीट कळलं. त्यांनी दोन चांगले प्रश्न विचारले, बाईने कौतुकही केलं. मग त्यांनी तिसरा विचारला.

"बाहेर जाते म्हणजे नेमकी कुठे जाते?"

"जवळ जिथे मागणी असेल तिथे," बाई म्हणाली. "लांब कशाला जाईल? बहुतेक तुमच्या शेजारच्या घरातच वापरली जात असेल." असं म्हणून तिने खिडकीतून शेजारच्या बंगल्याकडे बोट दाखवलं.

अण्णांनी उठून खिडकीचा पडदा ओढला. मी आणि माझ्या नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. ती बिचारी नवीन होती, तिला काय माहीत.

शेजारचे काका आणि अण्णा प्रेसमध्ये एकाच विभागात होते. एकाच वर्षी दोघांनी शेजारी शेजारी प्लॉट घेतले, एकाच गवंड्याकडून घरं बांधली. मग अण्णांच्या निरोप समारंभात काकांनी भाषण केलं. वर साहेब मंडळी बसलेली, समोर सगळा विभाग, आमची घरची माणसं. काकांनी खूप चांगलं चांगलं सांगितलं आणि शेवटी रंगात येऊन एक आठवण काढली, की एकदा रात्रपाळीत हे स्टुलावर बसल्या बसल्या झोपले आणि साहेबांनी खांद्यावर हात ठेवला तर डोळे मिटूनच म्हणाले, दोन साखर. सगळे हसले. साहेबसुद्धा हसले. अण्णा हसले नाहीत. नोकरीत एकदाही उशिरा न गेलेला माणूस, आणि जाताना लोकांनी लक्षात काय ठेवलं, तर दोन साखर.

त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. सासूबाई गेल्या तेव्हा सगळी धावपळ काकांनीच केली. गाडी बोलावली, माणसांना फोन केले, तिसऱ्या दिवसापर्यंत आमच्याकडे त्यांच्याच घरून डबा आला. पण तेव्हाही ते अण्णांशी बोलले नाहीत आणि अण्णा त्यांच्याशी. बायकांचं मात्र कधीच बंद पडलं नव्हतं. काकू आणि मी मागच्या भिंतीवरून वाट्या देत-घेत होतो. अण्णाही काकूंना वहिनी म्हणत, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करत. जे काही होतं ते फक्त त्या दोघांत होतं.

इंजिनिअर बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून साडेबाराला घरी आले, तर वॉशिंग मशीन चालू, मिक्सर चालू, गिझर चालू आणि हॉलमध्ये अण्णा चादरींना इस्त्री करत होते. त्यांच्यासमोर मोबाइल उभा करून ठेवला होता. पॅनलचं अ‍ॅप त्यांनी नवऱ्याकडून लावून घेतलं होतं आणि त्यात 'निर्यात' असा एक आकडा दिसे, बाहेर जाणाऱ्या विजेचा. अण्णांचं सगळं लक्ष त्या आकड्यावर होतं.

मी विचारलं, मिक्सरमध्ये काय आहे. ते म्हणाले, काही नाही, नुसता फिरतोय.

मी त्यांना बसवून समजावलं, की अण्णा, जी वीज बाहेर जाते ती फुकट जात नाही, आपल्या बिलातून वजा होते, उलट दिवसा कमी वापरली तर आपलाच फायदा. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"हिशोब मला कळतो गं," ते म्हणाले. "पण तो तिथे बसून आपल्या विजेवर पंखा लावतो, ते मला सहन होत नाही."

त्या दिवसापासून आमचं घर उन्हाप्रमाणे चालू लागलं. सकाळी दहाच्या आत कोणी कसलंही यंत्र लावायचं नाही, कारण तेव्हा पॅनलचा जोर नसतो. दहानंतर सगळं एकदम. अण्णांनी विजेची शेगडी आणली आणि रात्रीची भाजी दुपारी दोनला व्हायला लागली. त्यांची आंघोळ बाराला. पाण्याची मोटर ते इतका वेळ चालवत की टाकी भरून वाहायची आणि खालच्या कुंड्यांना रोज दुपारी गच्चीवरून धार लागायची. आणि इस्त्री तर अखंड. रुमालांना इस्त्री, मोज्यांना इस्त्री, पायपुसण्यांना इस्त्री. कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की घरातल्या घरात जास्त वीज खाणारी आणि स्वतःच्या हातात राहणारी वस्तू म्हणजे इस्त्री. ती त्यांना मुळात छान जमायचीही. शर्टाच्या बाहीत ते टॉवेलची गुंडाळी घालून इस्त्री फिरवत, त्यामुळे बाहीवर घडीची रेघ उमटत नसे. लाँड्रीवालाही असं करत नाही, असं ते स्वतःच सांगत.

ऑक्टोबरचं ऊन कडक होतं, पण मधूनच ढग यायचे. एका दुपारी काकांचा टीव्ही मोठ्याने चालू होता. अण्णा खिडकीशी उभे राहून म्हणाले, बघ, आपल्यावर चाललंय. तेवढ्यात ढग आला, आणि त्याच क्षणी टीव्ही बंद झाला. खरं तर काकांची झोपायची वेळ झाली होती, ते रोज अडीचला टीव्ही बंद करतात. पण अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खटल्यात साक्षीदारच सापडला. त्यानंतर ढग आणि शेजारचा टीव्ही यांचा संबंध त्यांच्या मनातून कोणी काढू शकलं नाही.

चूक माझीच झाली. हे सगळं मी भिंतीपाशी काकूंना सांगितलं. आम्ही दोघी खूप हसलो, काकूंच्या हातातलं आमटीचं पातेलं हिंदकळलं. त्यांनी ते रात्री जेवताना काकांना सांगितलं, त्यांनाही हसू येईल म्हणून. काकांना हसू आलं नाही. जेवण झाल्यावर ते म्हणाले, की मला त्याची वीज नको. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर दहाला त्यांनी जिन्याखालचा मेन स्विच खाली पाडला आणि चारला पुन्हा वर केला. मग रोजच.

आता अशी स्थिती झाली, की भिंतीच्या एका बाजूला एक म्हातारा माणूस वीज पलीकडे जाऊ नये म्हणून इस्त्री करून घामाघूम होतोय, आणि दुसऱ्या बाजूला दुसरा म्हातारा माणूस ती आपल्याकडे येऊ नये म्हणून आंब्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून पुठ्ठ्याने वारा घेतोय. मी शाळेतून येताना दोघंही दिसत. दोघंही मला विचारत, आज ऊन फार आहे ना.

हाल झाले काकूंचे. फ्रीज सहा तास बंद, दूध नासायला लागलं. दिवाळी तोंडावर, आणि वाटण-दळण करायचं कधी? एक दिवस त्या डाळ-तांदूळ भिजवलेलं भांडं घेऊन मागच्या दाराने आमच्याकडे आल्या आणि मिक्सर लावू का, असं विचारलं. मला भीती वाटली, पण अण्णांचा चेहरा खुलला. लावा, लावा, वहिनी, सावकाश लावा, घाई करू नका, असं म्हणून त्यांनी स्वतः स्टूल आणून दिलं. इडलीचं पीठ वाटून होईपर्यंत निर्यातीचा आकडा खाली राहिला, म्हणून ते खूश. वीज शेजारी जाऊ नये यासाठी शेजारणीलाच घरात बोलावून ती वापरायला देण्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. मग रोजचंच झालं. काकूंचं दूध आमच्या फ्रीजमध्ये, काकूंची चटणी आमच्या मिक्सरमध्ये, आणि एकदा मी म्हणाले, काकू, इस्त्रीचे कपडेही द्या, दहाच्या आत तुम्ही किती कामं उरकणार. मला ते स्वतः करायचे होते. मी गठ्ठा कोपऱ्यातल्या टोपलीत ठेवला आणि तपासायच्या वह्या घेऊन बसले. मी वह्यांतून मान वर केली तोवर अण्णांनी टोपली रिकामी केली होती. पुढे टोपलीत काहीही पडलं की ते इस्त्री करत, कोणाचं आहे हे बघत नसत. फक्त एका रात्री जेवताना त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, की अरे, रोज चालायला जात जा, तुझ्या शर्टाचा घेर फार वाढलाय. नवऱ्याला काही समजलं नाही. मला समजलं, पण मी भाकरी वाढायच्या निमित्ताने उठले.

दरम्यान बिल आलं. आमचं जेमतेम उतरलं होतं. नवऱ्याने पॅनलवाल्यांना फोन केला, तर तीच इंजिनिअर बाई तपासायला आली. तिने गच्चीवर जाऊन तारा पाहिल्या, पेटी उघडून पाहिली, सगळं ठीक होतं. ती चक्रावली आणि तिने विचारलं, दिवसा घरात काही मोठं यंत्र चालतं का, पिठाची गिरणी वगैरे. अण्णा म्हणाले, इस्त्री. बाई म्हणाली, इस्त्रीने एवढं होत नाही. मग तिने टेबलावर इस्त्री करून रचून ठेवलेली पायपुसणी पाहिली आणि पुढे काही विचारलं नाही.

तिकडे काकांचं बिल मात्र चांगलंच उतरलं. पॅनल नाहीत, खर्च नाही, नुसता मेन स्विच. काकूंनी ते मला भिंतीपाशी सांगितलं आणि म्हणाल्या, आता तर हे अजिबातच ऐकायचे नाहीत.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिकांचा सकाळचा फराळ होता, समाजमंदिरात. चहा ओतायला आम्हा सुनांना बोलावलं होतं. मी किटली घेऊन फिरत होते. कोणीतरी मधुमेहावर बोलत होतं आणि समोर चकल्या वाटणं चालू होतं. अण्णा तिसऱ्या रांगेत बसले होते आणि त्यांच्या बरोबर पुढे काका. काकांनी निळ्या बारीक रेघांचा पांढरा शर्ट घातला होता. कडक इस्त्रीचा. मी अण्णांना चहा द्यायला गेले तर त्यांनी कप घेतला नाही. ते काकांच्या बाहीकडे बघत होते. खांद्यापासून मनगटापर्यंत कुठेही घडीची रेघ नव्हती.

भाषण संपलं, लोक उठले, तसे अण्णा उठून पुढे गेले आणि काकांसमोर उभे राहिले. आजूबाजूला ज्यांना माहीत होतं ते सगळे तिकडे वळले.

"हा शर्ट कुठे इस्त्री केला?" अण्णांनी विचारलं. बारा वर्षांतलं पहिलं वाक्य.

"घरीच," काका म्हणाले. "हिने केलाय."

"वहिनींनी नाही केला."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी किटलीत किती चहा उरलाय ते पाहिलं. काकांनी बाही डोळ्यांसमोर धरली, उलटसुलट केली आणि मग त्यांना हळूहळू उमगत गेलं.

"म्हणजे महिनाभर मी पुठ्ठ्याने वारा घेत बसलो," ते म्हणाले, "आणि तुमचीच वीज अंगात घालून फिरत होतो."

"वीज सोडा हो. मेहनत माझी होती."

काकांनी मान खाली घालून शर्टाची समोरची पट्टी तपासली आणि म्हणाले, "बटणांच्या मध्ये सुरकुती राहिलीय."

मला वाटलं, आता संपलं. पण अण्णांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, वाकून काकांच्या पोटाशी डोळे नेऊन नीट पाहिलं आणि मान्य केलं, की हो, राहिलीय खरी, ती शेवटी केली होती, ढग आला होता. मग ते काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे कप मागितला. काका म्हणाले, त्यांना दोन साखर. आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

अण्णांनी काकांकडे पाहिलं, आणि मग ते हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले. माझ्या लग्नानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. काकांना मात्र रडू आलं. ते इतकंच म्हणाले, की तेव्हा मला वाटलं होतं तू हसशील. अण्णा म्हणाले, बायको समोर बसली होती रे, मी रात्रपाळीत झोपतो म्हणून तिला कधी सांगितलं नव्हतं. समाजमंदिरातून निघेपर्यंत दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते. आम्ही दोघी मागून चालत होतो. काकू पदराने डोळे टिपत होत्या आणि सारख्या म्हणत होत्या, की आता तरी माझा फ्रीज चालू होईल.

झाला. त्याच दुपारी काकांनी मेन स्विच वर केला आणि तो पुन्हा खाली आला नाही. मग त्यांनाही पॅनल हवेसे वाटू लागले. इंजिनिअर बाई तिसऱ्यांदा आली, काकांच्या गच्चीवर फिरली आणि म्हणाली, की आंब्याची सावली पडतेय, दोन मोठ्या फांद्या काढाव्या लागतील. काका म्हणाले, फांद्या काढणार नाही. बराच वेळ खल झाला. शेवटी अण्णांनीच तो मिटवला.

"तुला कशाला पाहिजेत पॅनल?" ते म्हणाले. "आपली येतेच आहे की तुझ्याकडे."

बाईने त्यांच्याकडे वळून पाहिलं. तिला आपलंच वाक्य आठवलं असावं.

पुढच्या महिन्याचं बिल खरोखर अगदी थोडं आलं. अण्णा ते घेऊन शेजारी गेले. दोघांनी आंब्याखाली बसून एकेक ओळ वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं, की वीज काहीही वापरली नाही तरी स्थिर आकार नावाचा एक आकडा राहतोच. अण्णांना तो पटेना. प्रेसमध्ये असल्यापासूनच काकांचा अर्ज लिहिण्यात हातखंडा होता. त्यांनी दोन पानी अर्ज तयार केला, त्यात 'सविनय' तीनदा आलं, अण्णांनी एकदा खोडायला लावलं, काकांनी पुन्हा घातलं. सोमवारी सकाळी दोघं अण्णांच्या स्कूटरवर बसून वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. काका मागे, मांडीवर फाइल.

तिथल्या साहेबांनी म्हणे त्यांना बसवून पाणी दिलं आणि समजावलं, की स्थिर आकार सगळ्यांनाच असतो, तो माफ होत नाही. तरी त्यांनी अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. एवढ्याने दोघांचं समाधान झालं. येताना बिटको चौकात मिसळ खाऊन पाऊण वाजता परत आले. मी नुकतीच शाळेतून आले होते आणि इस्त्रीची टोपली पुन्हा काठोकाठ भरली होती, कारण निर्यातीचा आकडा बघणं अण्णांनी सोडूनच दिलं होतं. मी म्हणाले, अण्णा, चार कपडे उरकता का, ऊन चांगलं आहे. ते म्हणाले, आता नको, तो वाट बघतोय, आम्हाला पुढचा अर्ज लिहायचाय.